अँटीव्हायरस बदलू की राहू देऊ?

प्रश्न : आमच्या घरी २०१९मध्ये घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १०चा. त्यावर माझं पेन्शनचं काम, नेटबँकिंग, सोसायटीचे हिशेब आणि नातीचा गृहपाठ चालतो. घेतल्यापासून दुकानदार दरवर्षी येऊन अँटीव्हायरस रिन्यू करून देतो. यंदा कॉम्प्युटर फार हळू झाला आहे आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात रोज ‘पाच व्हायरस सापडले’ अशी पाटी येते. म्हणजे आहे तो अँटीव्हायरस काही पकडत नाही, असं मला वाटतं. भाचा म्हणतो, विंडोजमध्ये येतो तोच पुरे, पैसे घालवू नका. दुकानदार म्हणतो, फुकटचं ते फुकटचंच. जावई म्हणतात, दुसऱ्या कंपनीचा घ्या. मी बदलू का? आणि जुना तसाच ठेवून वर नवा टाकला, तर दुप्पट संरक्षण मिळेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्ही विचारलंय दोनच, पण पत्रात गुंते चार आहेत. कॉम्प्युटर हळू का झाला, कोपऱ्यातली पाटी कोणाची, विंडोजमधला अँटीव्हायरस पुरतो का, आणि दोन अँटीव्हायरस एका घरात नांदतात का. या सगळ्याचं खापर तुम्ही एकट्या अँटीव्हायरसवर फोडलं आहे. पाटीच्या बाबतीत तर तो बिचारा साफ निर्दोष असण्याची शक्यता दाट आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पाटी पुन्हा आली की घाईने बंद करू नका, चष्मा लावून नीट वाचा. ठळक अक्षरांच्या वर किंवा खाली बारीक अक्षरांत ‘गूगल क्रोम’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट एज’ असं दिसेल आणि शेजारी एखाद्या अनोळखी वेबसाइटचा पत्ता. तसं दिसलं तर समजा, की घरातलं कोणीतरी कधीतरी, बहुधा फुकटचा सिनेमा किंवा गेम शोधताना, त्या वेबसाइटवर गेलं होतं. तिने ‘नोटिफिकेशन दाखवू का?’ असं विचारलं आणि ‘अलाऊ’वर बोट पडलं. (नातीला रागावू नका. ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ अशी थाप मारून भल्याभल्यांकडून हे करून घेतलं जातं.) तेव्हापासून ती वेबसाइट ब्राउझरमार्फत तुमच्या पडद्यावर जाहिराती पाठवते आहे. फक्त जाहिरातीला पोशाख अँटीव्हायरसच्या इशाऱ्याचा घातलेला असतो.

कोणतीही वेबसाइट ब्राउझरमध्ये बसून तुमची हार्ड डिस्क तपासू शकत नाही. त्यामुळे ‘पाच’ हा आकडा मोजून आलेला नाही, तो पाटीवर आधीच छापलेला आहे. पाटीवर क्लिक केलं की ‘ताबडतोब रिन्यू करा’ असं पान उघडतं आणि तिथे कार्डाचा नंबर मागतात. ते पान खऱ्या कंपनीचं आहे की भामट्याचं, हे शोधत बसू नका, क्लिकच करू नका. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवरून सेटिंग्जमध्ये जा, तिथे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या वेबसाइटींची यादी दिसेल. ओळखीचं नसेल ते सगळं काढून टाका. पाटी तेवढ्यावर थांबते. अख्खा पडदा व्यापून, भोंगा वाजवून ‘मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’ असं सांगणारा प्रकारही याच जातीचा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो, हे कंपनीनेच जाहीर करून ठेवलं आहे.

तेव्हा पाटीवरून ‘आपला अँटीव्हायरस काही पकडत नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. ती पाटी अँटीव्हायरस बदलल्यावरही आली असती आणि मग तुम्ही नव्यावरही रागावला असता.

आता हळू चालण्याचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. ती छोटी दिसली तर ‘मोअर डिटेल्स’ दाबा. कोणता प्रोग्राम सीपीयू, मेमरी आणि डिस्क किती वापरतो, याचे रकाने दिसतील. ‘डिस्क’ या शब्दावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. काही न उघडता दहा मिनिटं नुसतं बघत बसा. मग शेजारच्या ‘परफॉर्मन्स’ या भागात जा. तिथे डिस्कच्या नावाखाली ‘एचडीडी’ लिहिलंय की ‘एसएसडी’, तेही पाहा.

माझा अंदाज, तिथे एचडीडी निघेल. त्या काळात आपल्याकडे विकलेल्या स्वस्त डेस्कटॉपांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि ४ जीबी मेमरी ही जोडी सर्रास असायची. फिरत्या डिस्कमध्ये एक सुई तबकडीवर इकडून तिकडे धावते, त्यामुळे एका वेळी अनेक फाइली मागितल्या की ती दमते. विंडोज स्वतःच्या अपडेट उतरवतं आहे, ब्राउझर दहा टॅब सांभाळतो आहे आणि त्यातच अँटीव्हायरस उघडणारी प्रत्येक फाइल तपासतो आहे, असं झालं की डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना जाऊन चिकटतो. यात अँटीव्हायरसचा वाटा आहे, नाही असं नाही. विकत घेतलेल्या मोठ्या पॅकेजमध्ये व्हीपीएन, ‘ट्यून-अप’, पासवर्ड सांभाळणारा, ब्राउझरमधलं बटण असा गोतावळा येतो. कॉम्प्युटर सुरू होताना ही सगळी मंडळी एकदम उठून बसतात आणि पुष्कळदा तपासणीपेक्षा त्यांचाच भार जास्त होतो.

पण म्हणून विंडोजमधला अँटीव्हायरस हलकाफुलका आहे, अशी समजूत करून घेऊ नका. त्याच टास्क मॅनेजरमध्ये तो ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ अशा लांबलचक नावाने दिसतो आणि पूर्ण तपासणी चालू असताना तोही डिस्क पुरती राबवतो. कोणताही अँटीव्हायरस नवा टाकला की पहिल्या तपासणीला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या दिवसावरून त्याची परीक्षा करू नये. आणि एचडीडीच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसवली तर जो फरक पडेल, तो अँटीव्हायरस बदलून पडणार नाही.

आता दुकानदार आणि भाचा. दोघंही आपापल्या काळापुरते बरोबर आहेत, फक्त काळ वेगवेगळे आहेत.

१९८६मध्ये लाहोरमधल्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पद्धतीच्या पीसीवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीवरून पसरायचा आणि गंमत म्हणजे त्यात त्या भावांचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही होता. पुढची पंचवीसेक वर्षं विंडोजमध्ये स्वतःचा असा अँटीव्हायरस नव्हता. या पोकळीतच जगभरच्या अँटीव्हायरस कंपन्या वाढल्या. आपल्याकडचं ठळक उदाहरण पुण्याचं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर कॉम्प्युटर दुरुस्तीत आले, व्हायरस लागलेल्या यंत्रांवर त्यांचे भाऊ संजय यांनी उपाय लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. २०१६मध्ये ती शेअर बाजारातही आली. त्या काळात अँटीव्हायरस न घेता कॉम्प्युटर वापरणं हा खरोखरच आगाऊपणा होता, आणि दुकानदार ग्राहकाला तो घ्यायला लावायचा तेव्हा भलंच करायचा.

गोंधळ पुढे झाला. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७मध्ये ‘विंडोज डिफेंडर’ नावाचा एक प्रोग्राम होता, पण तो फक्त हेरगिरी करणारे प्रोग्राम शोधायचा. पूर्ण अँटीव्हायरस हवा असेल तर २००९मध्ये आलेला ‘मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी इसेन्शियल्स’ वेगळा उतरवून घ्यावा लागे. २०१२मध्ये विंडोज ८ आलं आणि त्यात त्याच डिफेंडर नावाखाली पहिल्यांदा पूर्ण अँटीव्हायरस मिळू लागला. सुरुवातीला त्याची कामगिरी यथातथाच होती. त्याच वर्षाच्या अखेरीस एव्ही-टेस्ट या जर्मन चाचणी संस्थेने इसेन्शियल्सला प्रमाणपत्र नाकारलं होतं. ‘फुकटचं ते फुकटचंच’ हे तुमच्या दुकानदाराचं मत या काळात पक्कं झालेलं दिसतं. त्या दिवसांत ते चूक नव्हतं.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने या कामात भरपूर पैसा आणि माणसं ओतली. आजचा डिफेंडर त्याच एव्ही-टेस्टच्या तपासणीत सहसा पैकीच्या पैकी किंवा त्याच्या अगदी जवळ गुण मिळवतो. ही संस्था संरक्षण, कॉम्प्युटरच्या वेगावरचा परिणाम आणि वापरातला त्रास अशा तीन बाबींना प्रत्येकी सहा, असे एकूण १८ गुण देते. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही दुसरी नावाजलेली संस्था. दोघींचे निकाल त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. ते चाळले की लक्षात येतं, वरच्या सात-आठ नावांमध्ये पकडण्याच्या क्षमतेचा फरक इतका थोडा आहे की दोन महिन्यांनी क्रम उलटासुलटा होतो. त्या फरकासाठी जावयांच्या सल्ल्याने कंपनी बदलण्यात अर्थ नाही.

असं का झालं, हे कळायला अँटीव्हायरस आज काम कसं करतो ते बघावं लागेल. पूर्वी त्याच्याकडे ओळखीच्या व्हायरसांच्या खुणांची यादी असायची आणि प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहिली जायची. यादी आजही आहे, पण तेवढ्यावर भागत नाही, कारण नवा व्हायरस यादीत नसतो. म्हणून प्रोग्राम वागतो कसा, यावरही नजर ठेवतात. एखादा अनोळखी प्रोग्राम तुमच्या फोटोंच्या फोल्डरमधल्या फाइली भराभर कुलूपबंद करायला लागला, तर नाव माहीत नसलं तरी त्याला थांबवायचं. तिसरी पातळी म्हणजे शंका आली की इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारायचं, ‘ही फाइल आणखी कुठे दिसली आहे का?’ या तिसऱ्या पातळीत ज्याच्याकडे जास्त कॉम्प्युटर, त्याला जास्त माहिती. जगातल्या बहुतेक विंडोज कॉम्प्युटरांत डिफेंडर आधीपासून बसलेलाच असल्याने माहितीच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टला कमी नाही.

यातूनच डिफेंडरची कमजोर बाजूही निघते. तो इंटरनेटवर बराच विसंबून आहे. नेट बंद असताना केलेल्या चाचण्यांत तो काही स्पर्धकांच्या मागे पडताना दिसतो. ज्या कॉम्प्युटरला नेट क्वचितच मिळतं आणि ज्याला दिवसभर वेगवेगळ्या लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, उदाहरणार्थ झेरॉक्स आणि प्रिंटआउटच्या दुकानातला, तिथे चांगला विकतचा अँटीव्हायरस घेण्याला नक्की कारण आहे. पेनड्राइव्ह लावला, आतले सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी बाण असलेले शॉर्टकट, हा अनुभव अशा दुकानांतूनच घरोघरी पोचला. तुमचा नेटबँकिंग करणारा कॉम्प्युटर या वर्गात बसत नाही.

दोन एकत्र ठेवण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. तुम्ही एखादी फाइल उघडता तेव्हा अँटीव्हायरस मध्ये पडून ती आधी स्वतः वाचतो. दोन असले की दोघंही मध्ये पडतात. एकाने तपासायला फाइल उघडली की दुसऱ्याला वाटतं, कोणीतरी फाइल उघडतंय, आपणही पाहू. एकाने पकडून वेगळ्या ठेवलेल्या व्हायरसवर दुसरा झडप घालतो. कधी एकमेकांचेच भाग धोकादायक म्हणून रोखून धरतात. संरक्षण दुप्पट होत नाही. डिस्कचं काम मात्र होतं, आणि तुमची डिस्क आधीच दमलेली आहे. विंडोजला हे ठाऊक असल्यामुळे दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो आणि तो काढला की पुन्हा कामाला लागतो. दोन विकतच्या कंपन्यांमध्ये एवढा समजूतदारपणा असेलच असं नाही.

कंपनी बदलायचीच म्हटलं तरी आधी मालक कोण ते पाहावं. नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अव्हिरा ही चार नावं आपण वेगवेगळी समजतो, पण आज ती सगळी जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. अव्हास्टने एव्हीजी २०१६मध्ये विकत घेतली, नॉर्टनवाल्यांनी नंतर अव्हिरा घेतली आणि २०२२मध्ये नॉर्टन व अव्हास्ट एक झाले. अव्हास्ट आवडला नाही म्हणून एव्हीजी घेणारा माणूस डब्यावरचं लेबल तेवढं बदलतो.

माझ्या मते पकडण्याच्या टक्केवारीपेक्षा विश्वासाचा प्रश्न मोठा आहे. अँटीव्हायरसला कॉम्प्युटरमधलं सगळं उघडून बघण्याचा अधिकार लागतो, त्याशिवाय तो काम करू शकत नाही. त्या अधिकाराचं कंपनी काय करते, हे बघायला हवं. अव्हास्टने आपल्या जंपशॉट या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांनी कोणत्या वेबसाइट पाहिल्या याची माहिती विकली. २०२०मध्ये बोभाटा झाल्यावर जंपशॉट बंद केली, पण २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने कॅस्परस्कीवर बंदी घातली. मग सप्टेंबरमध्ये तिथल्या पुष्कळ ग्राहकांनी सकाळी कॉम्प्युटर उघडला, तर कॅस्परस्कीच्या जागी ‘अल्ट्राएव्ही’ नावाचा अँटीव्हायरस आपोआप येऊन बसलेला. तुम्ही बदलू की नको म्हणून पत्र तरी लिहिलंत, त्यांना कोणी विचारलंही नाही.

या अधिकाराचा दुसरा धोका साध्या चुकीचा. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामची एक सदोष अपडेट गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने जगभरातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडून बसले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, ते याच दिवशी. तो घरगुती अँटीव्हायरस नव्हता, मोठ्या कंपन्यांसाठीचा होता. पण असा प्रत्येक जादा प्रोग्राम विंडोजच्या किती खोलवर हात घालतो, ते त्या दिवशी दिसलं.

इतका वेळ मी एका गोष्टीला बगल देत होतो, आता तिच्याकडे वळतो. तुमच्या पत्रातला सगळ्यात काळजीचा शब्द ‘अँटीव्हायरस’ नाही, ‘विंडोज १०’ आहे.

विंडोज १०ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या. मायक्रोसॉफ्टने वाढीव मुदतीची एक योजना ठेवली आहे. तिच्यात नाव नोंदवलं तर घरगुती कॉम्प्युटरला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर येतो आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत. तुम्ही नोंदवलंय का? बहुतेकांना ही योजना ठाऊकच नसते, कारण पडद्यावर सगळं आलबेल दिसतं. डिफेंडरच्या व्हायरस यादीची अपडेट विंडोज १०वर यापुढेही काही वर्षं येत राहणार आहे, त्यामुळे विंडोज सिक्युरिटीत अँटीव्हायरससमोर हिरवी खूण कायम राहते. ती खूण अँटीव्हायरसची आहे, विंडोजच्या भोकांची नव्हे.

भोकं बुजवणं आणि व्हायरस पकडणं ही दोन वेगळी कामं आहेत. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने जगभर हाहाकार उडवला. तो कोणी ईमेल उघडली म्हणून पसरला नाही. विंडोजमधल्या एका भोकातून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर स्वतःच उड्या मारत गेला. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिलेली होती. ज्यांनी ती घेतली होती त्यांच्यात तो या वाटेने शिरू शकला नाही. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने तेच भोक आणि आणखी काही वाटा वापरल्या आणि मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं काम ठिकठिकाणी ठप्प झालं. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्यांचं टर्मिनलही त्यातच अडकलं.

म्हणून आधी मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे छोटं मोफत ॲप चालवून तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ पेलतो का ते बघा. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर असेल तर बहुधा पेलतो. २०१९ची खरेदी म्हणजे काठावरचं प्रकरण आहे. पेलत असेल तर विंडोज ११ घ्या, नसेल तर वाढीव मुदतीत नाव घाला आणि त्या मुदतीत नव्या कॉम्प्युटरचा विचार करा.

आणखी एक गैरसमज जाता जाता. अँटीव्हायरस घेतला की बँकेतले पैसे सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे पैसे जातात ते बहुतांशी माणसाला फसवून. बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी विचारला, ‘मदत करतो’ म्हणून दुरून दुसऱ्याला पडदा हाताळू देणारं एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावलं, व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल पाठवली. एनीडेस्क हा सरळमार्गी प्रोग्राम आहे, त्याला अँटीव्हायरस का अडवेल? ओटीपी तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलात तर त्यात पकडायला फाइलच नसते. सॉफ्टवेअरच्या चोरट्या ‘क्रॅक’बरोबर येणारी सूचना तर नेहमी एकच असते, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’. तो कोणत्या कंपनीचा, याने तिथे काय फरक पडणार? असं कधी घडलंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तर निकाल असा. रिन्यू करू नका आणि दुसऱ्या कंपनीचाही घेऊ नका. मुदत संपेपर्यंत आहे तो वापरा, पैसे भरलेत तर वसूल करा. संपली की काढून टाका. मुदत संपलेला अँटीव्हायरस ‘असू दे, काही ना काही पकडेल’ म्हणून ठेवून देणारे लोक आहेत. त्याची यादी जुनी झालेली असते, आणि गेल्या वर्षीच्या कालनिर्णयावरून यंदाची एकादशी सापडत नाही.

काढताना सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’च्या यादीतून अनइन्स्टॉल करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. नुसतं डेस्कटॉपवरचं चित्र पुसून काही होत नाही. काही अँटीव्हायरस मागे शेपूट ठेवून जातात, त्यासाठी बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी स्वतःचं साफसफाईचं छोटं साधन दिलेलं असतं. ते त्या कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्या. त्यानंतर स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा आणि ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये डिफेंडर जागा झाला आहे ना, ते पाहा. खात्री पटत नसेल तर आयकार या युरोपीय संस्थेच्या वेबसाइटवर चाचणीची एक निरुपद्रवी फाइल मिळते. ६८ अक्षरांची ती एक ओळ, व्हायरस नव्हेच, पण सगळ्या अँटीव्हायरस कंपन्यांनी तिला पकडायचं असं ठरवून टाकलं आहे. ती उतरवायला गेलात आणि इशारा आला, की पहारा चालू आहे.

दुकानदाराने ‘लायसन्स की’ टाकून रिन्यू केलं असेल तर पैशाचा विषय तिथेच संपतो. पण कधी तुमच्या कार्डावरून ऑनलाइन भरले असतील, तर प्रोग्राम काढला म्हणून वर्गणी थांबत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर खात्यात जाऊन ऑटो-रिन्यूअल वेगळं बंद करावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे आपोआप कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी, तेव्हा त्या सुमाराचे एसएमएस न वाचता पुसू नका.

वाचलेल्या पैशात थोडी भर घालून एक बाहेरून लावायची हार्ड डिस्क घ्या. सोसायटीचे हिशेब आणि फोटो महिन्यातून एकदा तिच्यावर उतरवा आणि काम झालं की ती काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवली, तर फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस तिलाही सोडणार नाही. सोसायटीचे हिशेब ही इतरांची ठेव आहे, त्यामुळे हे काम नातीवर सोपवू नका, स्वतः करा.

आणि दुकानदाराशी संबंध तोडायचं काही कारण नाही. यंदा तो रिन्यूअलसाठी आला की त्याला एसएसडीचा आणि मेमरी ८ जीबी करण्याचा भाव विचारा. त्यात त्यालाही चार पैसे मिळतील आणि तुमचा कॉम्प्युटरही चालायला लागेल.